सवतीची मोजदाद

मी डाव्नित. टेकडीच्या पोटातल्या घराची थोरली.
घर अजून आहे; वर मेंढ्या चरतात,
खाली चूल कधीची थंड.
देवांना मरण नाही म्हणतात, ते खरं,
पण विसर आहे,
आणि तो मरणाहून सावकाश चावतो.

ओरानने तिला आणलं तेव्हा
बार्लीची कापणी चालली होती.
लासर. हसताना नाकावर आठी पडायची तिच्या.
मी उंबऱ्यावर तिला दूध दिलं,
रीतीप्रमाणे, पेला दोन्ही हातांनी धरून.
तिने घेतला, आणि ओठांना लावण्याआधी
त्याच्याकडे पाहिलं.

तेवढंच.
आमच्यात याहून लहान गोष्टींवरून मुडदे पडलेत,
एकदा तर भाजलेल्या डुकराच्या मांडीवरून.

पीटच्या जमिनीला आग लागते ती पाहिली आहे?
ज्वाळा नाही, धूरही नाही.
वर गवत हिरवंगार, गाय निवांत,
आणि खाली कोसभर सगळं धुमसत चाललेलं.
तशी मी तीन हिवाळे गोड बोलले.

मग एका संध्याकाळी म्हटलं, ये, केस विंचरते.
ती बसली माझ्या पुढ्यात, मान खाली घालून,
लेकीसारखी.
प्रत्येक फणीला एक शब्द.
पाचव्याला खांदे गेले, सातव्याला बोटं,
नवव्याला ती फणीच्या दातांमधून निसटली
आणि बादलीत पडली.
काळी, बुळबुळीत, हातभर लांब वाम.
फणीत एक केस राहिला होता. तो मी जाळला.

त्याला कुणी सांगितलं नाही.
तरी तो विहिरीशी जाऊन बसायचा, बाही वर सारून,
आणि ती यायची, मनगटाला वळसा घालायची
नेमका तिथे,
जिथे लग्नात मी काशाचं कडं घातलं होतं.

शरदातल्या एका अंधाऱ्या, पावसाच्या रात्री
मी पाट फोडला.
विहीर ओढ्यात, ओढा शॅननमध्ये, शॅनन समुद्रात.
जा म्हटलं. जा बाई, जिथे पाण्याला तळ नाही तिथे जा.
त्या रात्री मी पोटभर जेवले.

तिसऱ्या वसंतात नदी चमकू लागली.
काचेच्या सुया. बोटाएवढ्या, आरपार दिसणाऱ्या,
डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके,
आणि आत, कातडीतून दिसणारं, एवढंसं लाल काळीज.
हजारोंनी. बांधाच्या ओल्या दगडावर सरपटत,
एकमेकींच्या अंगावरून चढत,
घराकडे.
मी एक सवत घालवली होती.

ओरान गुडघाभर पाण्यात उभा.
ओंजळ भरायचा, बघायचा, सोडायचा.
ही? की ही?
हसत होता वेडा. मग कमरेपर्यंत गेला, मग गळ्यापर्यंत,
मग तिथे नुसतं तपकिरी पाणी होतं,
बांधावर वळताना किंचित हसल्यासारखं.

मला शाप कुणी दिला नाही.
द्यायला उरलंच कोण होतं?
फक्त काठावर उभी राहून राहून
पाय काडीसारखे झाले, मान लांबली, अंगावर राख चढली.
लोक मला बगळा म्हणतात.
खाल्ल्या मी. खोटं कशाला बोलू.
दर वसंतात खाल्ल्या, शेकडो वर्षं,
आणि भूक काही गेली नाही.

आता बांधाला ब्रायडी हॅकेट येते,
कपाळावर दिवा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट,
प्लास्टिकची बादली.
पिल्लं मोजते, वहीत मांडते.
तिच्या आजोबांच्या वेळी म्हणे टोपल्यांनी मोजायचे.
यंदा पहिल्या रात्री एकही नाही. दुसऱ्या रात्री चार.
मी मान आखडून घेतली.
चोच पंखाखाली दाबून धरली, रात्रभर.
या ना गं, म्हटलं.
मला हे म्हणताना ऐकायला
तो नदीत नको होता.

अकराव्या रात्री ब्रायडीने आकडा दोनदा तपासला.
त्रेसष्ट.
चौसष्टावी तिला दिसली नाही.
ती माझ्या पायाशी होती, थंड पाण्यात,
माझ्या बोटाला वळसा घालून दम खात.

मी पाय हलवला नाही.